मावशीने भाजलेली टेप

...आणि ओव्हन कुणाचा, तर आमचा! म्हणजे तुम्हीच सांगा, सकाळी साडेसात वाजता चौऱ्याहत्तर वर्षांची बाई जेवणाच्या ताटाएवढा गोल डबा छातीशी धरून घरात येते, चपला काढते, कुणाशी अवाक्षर न बोलता थेट स्वयंपाकघरात जाते, ओव्हनमधले केकचे साचे काढून ओट्यावर ठेवते आणि मग मान वळवून विचारते, "हा पन्नास अंशांवर थांबतो का?" आता तुम्हाला सांगतो, आमच्याकडे ओव्हन आहे हे मला माहीत होतं, तो गरम होतो हेही ऐकून होतो, पण तो कुठे थांबतो याची चौकशी मी कशाला करायला जाऊ? बायको बिचारी मदतीला गेली. म्हणाली, मावशी, काय गरम करायचंय ते मायक्रोवेव्हमध्ये लावू या, दोन मिनिटांत होतं. मावशीने तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिने तान्हं बाळ वॉशिंग मशीनमध्ये टाकायला सांगितलं.

"यात बत्तीस वर्षांपूर्वीचा पूर आहे," मावशी म्हणाली, "तो दोन मिनिटांत होत नाही."

पण असं मधूनच सांगून तुम्हाला काही कळायचं नाही. मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. नदीमापन कचेरीत एकतीस वर्षं नोकरी, आणि काम काय, तर टेपा सांभाळणं. गाण्याच्या नव्हेत हो, कॉम्प्युटरच्या. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे एक अख्खी खोली, त्याने लक्षात ठेवायचं ते ठेवण्यासाठी शेजारची दुसरी खोली, आणि त्या दुसऱ्या खोलीत मावशी. टेप म्हणजे तरी काय? प्लॅस्टिकची लांबच लांब फीत, तिच्यावर एका चिकट लेपाने बसवलेली लोखंडाची भुकटी, खरं सांगायचं तर गंज, आणि त्या गंजाच्या कणाकणाला चुंबकाने दिशा दिलेली, कुणाचं तोंड इकडे, कुणाचं तिकडे. झाला आकडा! फीत मशीनमधून सरकायला लागली की एक बोटभर तुकडा तिला टेकून असतो, त्याला म्हणायचं हेड, ते हेड या कणांची तोंडं कुठे आहेत ते ओळखतं आणि आकडा परत सांगतं. नदीवरचा माणूस दर तासाला पट्टीवर पाणी बघायचा, कचेरीत फोन करायचा, इथे कुणीतरी तो आकडा कॉम्प्युटरला द्यायचं आणि शेवटी तो मावशीच्या फितीवर जाऊन बसायचा. अशा बाराशे टेपा. माझा वाढदिवस मावशीच्या आजतागायत लक्षात राहिलेला नाही, पण बाराशे टेपांपैकी कुठलीही विचारा, कपाट कितवं, फळी कितवी, डब्याला पोचा आहे की नाही, सगळं तोंडपाठ.

आता ही बाई निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली. सुखाने राहत होती. आणि एका सोमवारी तिच्या दाराशी पुलाची इंजिनियर आली.

इंजिनियर म्हणजे पस्तिशीची बाई, पायात चिखलाचे बूट, डोळ्यांखाली काळं. हिला नदीवर नवा पूल बांधायचा होता, आणि पूल किती उंच बांधायचा हे ठरवायला नदी आजवर सगळ्यात उंच कुठवर आली होती ते कळायला हवं होतं. साधी गोष्ट. सगळ्यात मोठा पूर बत्तीस वर्षांपूर्वीचा, त्यात जुन्या पुलावरून दुधाची गाडी वाहून गेली होती, ड्रायव्हर रात्रभर झाडाला धरून होता म्हणून वाचला. सगळ्यांना आठवतो तो पूर. पण तिने लोकांना विचारलं तर शिंपी म्हणाला माझ्या पाटीपर्यंत पाणी, समोरचा न्हावी म्हणाला छे, जेमतेम गुडघाभर. आणि दोघांची दुकानं एकाच रस्त्यावर, समोरासमोर! आता गुडघाभर आणि पाटीभर यांच्यामध्ये पूल कसा बांधायचा? शुक्रवारी आराखडा वर जायचा होता. तोवर लेखी आकडा मिळाला नाही तर नवा पूल जुन्याच उंचीवर, असं साहेबांनी सांगून टाकलं होतं. म्हणून ती नदीमापन कचेरीत गेली, आणि तिथल्या कारकुनाने एकदम प्रसन्न चेहऱ्याने सांगितलं, "आहे हो, आत आहे सगळं."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढच्या आठ दिवसांत त्या बाईने ते इतक्या जणांकडून ऐकलं की तिने मोजणं सोडून दिलं.

आत म्हणजे कुठे, तर ढगात. कॉम्प्युटरच्या भाषेत माहिती ढगात ठेवतात म्हणे. ढग कसला, दुसऱ्या कुणाच्या तरी इमारतीत ओळीने मांडलेल्या डिस्क, आणि आपल्याकडे त्या इमारतीची किल्ली. फक्त ही किल्ली मागच्या साहेबांच्या मोबाइलवर यायची, ते साहेब नोकरी सोडून मुलाकडे राहायला गेलेले, आणि त्यांचा नंबर आता एका नळवाल्याकडे. इंजिनियरने नळवाल्याला फोन केला. माणूस सज्जन. कुणाच्या तरी मोरीत आडवा पडून त्याने आलेला सहा आकड्यांचा कोड वाचून दाखवला, पहिल्यांदा वेळ संपली म्हणून दुसऱ्यांदाही दाखवला, आणि उघडलं हो एकदाचं! आत फोल्डर, त्याचं नाव 'नदी सर्व'. त्या फोल्डरमध्ये एकच फाइल. आणि ती फाइल म्हणजे माहिती नव्हे, माहितीचा पत्ता! चढवणाऱ्याने आकडे चढवायच्या ऐवजी आकड्यांकडे बोट दाखवणारं चित्र तेवढं ढगात चढवलं होतं, आणि त्या बोटाने दाखवलेली जागा होती कचेरीतली जुनी हार्डडिस्क.

मग हार्डडिस्क. ती तीन वर्षांपूर्वी टेबल सरकवताना चालू असताना आपटलेली. तुम्हाला सांगतो, हार्डडिस्कच्या आत आरशासारखी गुळगुळीत चकती असते, ती मिनिटाला सात हजारांच्या वर गिरक्या घेते, आणि तिचं हेड त्या चकतीला टेकत नाही, वर तरंगतं. किती वर? तुमच्या डोक्याचा एक केस घ्या, त्याचे काही हजार उभे काप करा, त्यातल्या एका कापाएवढं वर. इतक्या अंतरावरून उडणारं हेड टेबलाच्या धक्क्याने खाली आलं तर काय होणार? आलं, आणि चकतीवर गोल ओरखडे काढत बसलं. इंजिनियरने ती डिस्क दुरुस्तीवाल्याकडे नेली, त्याने ती कानाशी लावली, आत टक, टक, टक. तो म्हणाला, "आहे हो, आत आहे सगळं. पण आता आत आहे ते भुकटी होऊन आहे."

टेबलाच्या खणात एक पेन ड्राइव्ह निघाला. त्यात तर फिरणारं काहीच नसतं, बारीक बारीक कोट्यवधी खोल्या असतात आणि प्रत्येकीत वीज कोंडलेली असते, किंवा नसते, त्यावरून आकडा. पण कोंडलेली वीज ती, वर्षानुवर्षं कुणी विचारपूस केली नाही तर झिरपून जाते. हा खणात नऊ वर्षं. लावला तर कॉम्प्युटर म्हणाला, नवीन दिसतोय, वापरायला सुरुवात करू का? त्याआधीच्या सीड्या होत्या, त्या कचेरीच्या माळ्याने बागेत दोऱ्यांना बांधून लटकवल्या होत्या, पक्षी येऊ नयेत म्हणून. माळ्याची तरी काय चूक? त्याला दिल्या होत्या टाकायला. सीडीवर म्हणजे रंगाचा एक थर असतो, लेझरने त्यावर ठिपके जाळलेले असतात, दुसरा लेझर ते ठिपके चमकतात की नाही बघून वाचतो. चार उन्हाळ्यांत रंगच उडून गेला, आता काय ठिपके आणि काय चमक! पक्षी मात्र येत होतेच. आणि सीड्यांच्याही आधीच्या फ्लॉप्या... फ्लॉपी म्हणजे टेपेचीच नात, तोच गंज, फक्त फितीऐवजी मऊ गोल चकतीवर, चौकोनी पाकिटात घालून. त्या लोखंडी पेटीत छान ओळीने उभ्या. एकीवर लिहिलेलं 'नवीन', दुसरीवर 'नवीन दोन', तिसरीवर 'हेच खरं नवीन', आणि सगळ्यांच्या आतल्या चकत्यांवर पांढरी बुरशी. पेटी जपणाऱ्या बाईंनी बुरशी पदराने पुसली आणि म्हणाल्या, आहे हो, आत आहे सगळं.

म्हणजे कसं झालं पाहा. दर पाच-सात वर्षांनी नवा साहेब यायचा, म्हणायचा हे जुनं झालं, सगळं नव्यावर घ्या आणि जुनं काढून टाका. आणि लोक पहिलं काम अर्धं करायचे, दुसरं पूर्ण करायचे. मावशीच्या बाराशे टेपा ती निवृत्त झाल्यावर चारच महिन्यांत भंगारात गेल्या. तिला त्या वेळी कुणीतरी फोन करून सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, बरं. आणि मग दोन दिवस ती कुणाचा फोन घेईना, हे मला आईकडून कळलं.

तर सोमवारी इंजिनियर मावशीकडे आली ती आशेने नव्हे. फ्लॉप्यांच्या बाईंनी सहज नाव सांगितलं म्हणून आली. खुर्चीत बसली, सगळी कहाणी सांगितली, ढगापासून बुरशीपर्यंत, आणि म्हणाली, मावशी, तुम्हाला तो आकडा आठवत असेल तर नुसतं सांगा, मी कुठेतरी लिहून घेते. मावशी म्हणाली आकडे आठवण्यासाठी नसतात, ठेवण्यासाठी असतात. मग आत गेली, आणि एक गंजकी किल्ली घेऊन बाहेर आली.

आता ही किल्ली काय भानगड? तर मावशीच्या नोकरीत एक नियम होता. टेपेच्या दोन प्रती काढायच्या, एक खोलीत ठेवायची आणि दुसरी वेगळ्या इमारतीत, म्हणजे एकीला आग लागली तर दुसरी वाचेल. नियम पुस्तकात होता, पण पाळत कुणी नव्हतं, कारण वेगळी इमारत कुणी देतच नव्हतं. मावशीने मग स्वतःच जागा शोधली. नदीच्या अलीकडे टेकाडावर पाणीपुरवठ्याचं पंपघर, तिथल्या पंपचालकाला विचारून एक लोखंडी कपाट मिळवलं, आणि दर वर्षाअखेर अख्ख्या वर्षाचे आकडे असलेल्या टेपेची एक एक प्रत ती स्वतः पिशवीत घालून नेऊन ठेवायची. अकरा वर्षं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि नंतर कुणी विचारलंही नाही. निवृत्तीच्या दिवशी तिच्याकडून ओळखपत्र घेतलं, छत्री ठेवायच्या खुंटीचा बिल्लासुद्धा घेतला, कपाटाची किल्ली घ्यायची कुणाला आठवणच झाली नाही. कारण कपाट आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

मंगळवारी दोघी पंपघरात गेल्या. कपाटापुढे पंपचालकाच्या सायकली, कपाटावर त्याच्या मुलीच्या शाळेची पुस्तकं. कपाट उघडलं. अकरा डबे, ओळीने, प्रत्येकावर मावशीचं अक्षर. पुराच्या वर्षाचा डबा डावीकडून सातवा. इंजिनियर तिथेच खाली बसली आणि तोंड दाबून हसायला लागली. मावशी हसली नाही. तिने कपाटामागच्या भिंतीवर हात ठेवला, हात बघितला, तो ओला होता. मग डबा उघडला, टेपेचं टोक धरून हातभर फीत ओढली, आणि ती सुटली ती चर्र करत, जखमेवरची पट्टी सुटावी तशी. बोटांना तपकिरी राप लागला. मावशीने तो अंगठ्याने चोळला, वास घेतला, आणि फीत पुन्हा गुंडाळून डबा बंद केला.

"आहे ना आत?" इंजिनियरने विचारलं.

"आहे, पण ओला आहे," मावशी म्हणाली.

भुकटी धरून ठेवणारा तो लेप असतो ना, तो वर्षानुवर्षं दमट हवा पीत राहतो आणि मग चिकट होतो. अशी टेप मशीनमध्ये लावली की भुकटी खरवडून हेडवर येते आणि एकदाच काय तो चॉकलेटी चिखल होतो, आकडे संपले. उपाय एकच. टेप हळूहळू, मंद आचेवर, तासन्‌तास तापवायची, लेपातला ओलावा काढायचा, मग ती थोडे दिवस नीट चालते. थोडेच दिवस. हे मावशीला माहीत होतं, कारण कचेरीत तिने एकदा केलं होतं. आणि मावशीच्या घरी ओव्हन नव्हता.

म्हणून बुधवारी सकाळी आमच्याकडे! आमच्या ओव्हनची सगळ्यात खालची खूण सत्तरची. सत्तरावर फीत गुंडाळलेलं प्लॅस्टिकचं चाक वाकडं होईल म्हणे. बायकोने तापाचा थर्मामीटर आणून दिला, तो बेचाळीसला संपतो, त्याच्यापुढे माणूसच राहत नाही तर आकडे कशाला? मावशीने पिशवीतून स्वतःचा काढला. टेपखोलीच्या भिंतीवरचा. निवृत्तीला लोक घड्याळ मागतात, हिने तो थर्मामीटर मागून घेतला होता. मग ओव्हनच्या दारात लाकडी उलथनं अडकवून फट ठेवली, आणि समोर स्टूल टाकून बसली. पन्नासच्या वर गेला की फट मोठी, खाली आला की लहान. दर अर्ध्या तासाने केकचा साचा फिरवतात तशी टेप फिरवायची. आठ तास! आम्ही दुपारचं जेवण बाहेरून मागवलं, तिला ताट आणून दिलं, ती एका हाताने जेवली आणि दुसऱ्या हाताने उलथनं धरून होती. मी म्हटलं, मावशी, थोडा वेळ मी बसतो. ती म्हणाली, तू नको, तुझं लक्ष नसतं. माझं लक्ष नसतं! स्वतःच्या घरात, स्वतःच्या ओव्हनपुढे, मी पाहुणा...

संध्याकाळी टेप बाहेर आली, कापडात गुंडाळून रात्रभर निवू दिली. आता प्रश्न ती वाचायची कशावर. अशी मशीनं कचेरीत केव्हाच मोडीत गेलेली. शहरात एकच चालू मशीन होतं, आणि ते होतं हेडमास्तरांकडे.

हेडमास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत. हा माणूस कचेरीत टेपेची मशीनं दुरुस्त करायचा, दिवसभर हेडं पुसायचा, म्हणून हेडमास्तर. मावशीचं आणि त्यांचं वीस वर्षं एकच भांडण. टेप वाचली गेली नाही की ते म्हणायचे, बाई, तुमची टेप खराब आहे. मावशी म्हणायची, अहो, तुमचं हेड घाण आहे. मग दोघं साहेबांकडे. साहेब म्हणायचे पुन्हा लावा. वीस वर्षं! हेडमास्तरांच्या निरोप समारंभात त्यांनी भाषणात सगळ्यांचे आभार मानले आणि शेवटी म्हणाले की वीस वर्षं मी खराब टेपा सहन केल्या. लोक हसले. मावशी उठली, केकला हात न लावता घरी गेली, आणि त्या दिवसापासून एकमेकांशी बोलणं बंद. त्याला अठरा वर्षं झाली होती. मोडीत काढलेलं एक मशीन हेडमास्तरांनी घरी नेलं हे तिला माहीत होतं.

गुरुवारी मी गाडी चालवली, मावशी मागे, मांडीवर टेप. दार हेडमास्तरांच्या बायकोने उघडलं. दिवाणखान्यात कपाटाएवढं मशीन उभं, त्यावर काकूंनी फुलदाणी आणि नातवाचा फोटो ठेवलेला. हेडमास्तर अठ्ठ्याहत्तरचे, कानाला यंत्र. त्यांनी मावशीकडे पाहिलं, मग टेपेकडे पाहिलं, आणि काकूंना म्हणाले, फुलदाणी काढ. एवढंच. दर रविवारी ते मशीन नुसतंच चालवून बघायचे, काकूंनी आम्हाला हळूच सांगितलं, वेड आहे हो, रिकामं फिरवत बसतात.

इंजिनियर आली, तिचा लॅपटॉप मशीनला जोडला, टेप चढवली, आणि फीत सुरू झाली. तुम्हाला सांगतो, पहिले काही महिने असे सरसर वाचले गेले की मला वाटलं संपलं, आता चहा पिऊन घरी. लॅपटॉपवर दर तासाचं पाणी उमटत होतं, चार मीटर, चार मीटर वीस, चार पंधरा. आणि पुराच्या आदल्या दिवशी येऊन मशीन थांबलं. फीत मागे गेली, पुढे आली, थांबली. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. हेडमास्तरांनी बटण दाबून मशीन बंद केलं, हेडवर बोट फिरवलं, बोट तपकिरी.

"बाई, टेप खराब आहे," ते म्हणाले.

झालं! मला वाटलं आता अठरा वर्षांचं साठलेलं बाहेर येणार, मी काकूंकडे बघितलं, काकूंनी बशी उचलून बाजूला ठेवली. इंजिनियर घड्याळाकडे बघत होती, गुरुवारची दुपार उलटून गेलेली. हेडमास्तर म्हणाले अजून एकदा चालेल, फार तर दोनदा, मग वाचायला भुकटीच उरणार नाही. आणि मावशी... मावशी खुर्चीत बसली.

"खराबच आहे," ती म्हणाली. "पंपघराची भिंत ओली होती. पहिल्या वर्षीच हात लावून बघितलं होतं मी. दुसरी जागा मागायची तर साहेबांना सांगावं लागलं असतं, आणि साहेब म्हणाले असते दुसरी प्रत कशाला हवी. म्हणून बोलले नाही. तिथेच ठेवत गेले."

हेडमास्तरांनी कानाच्या यंत्राला हात लावून नीट केलं, मला वाटलं ऐकू आलं नसेल. मग उठले, भिंतीतल्या कपाटाचा खालचा खण उघडला, आणि तेलकट कागदात गुंडाळलेली एक पुडी काढून टेबलावर ठेवली. आत हेड. नवं कोरं, कधीच न बसवलेलं.

"हे मी असतानाच आलं होतं कचेरीत," ते म्हणाले. "बसवलं नाही. बसवल्यावर टेप वाचली गेली असती, तर तुम्ही म्हणाला असता, बघा, हेडच घाण होतं."

"म्हटलंच असतं," मावशी म्हणाली.

मग दोघांनी ते बसवलं. दीड तास लागला. ते स्क्रू धरत होते आणि मावशी फिरवत होती, मधून मधून नुसतं जरा इकडे, जरा वर, पुरे, एवढंच बोलणं. आम्ही तिघं सोफ्यावर ओळीने, डॉक्टरकडे बसतात तसे. टेप पुन्हा चढली. फीत सरकली, कुरकुरली, अडखळली, आणि पुढे गेली.

आकडे यायला लागले. सहा मीटर. सात दहा. सात नव्वद. आठ पंचेचाळीस. आठ नव्वद. इंजिनियर स्क्रीनला नाक लावून बसलेली. आणि त्याच्यापुढे, सलग, अकरा वेळा, नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव.

"नऊ हजार मीटर?" इंजिनियरने स्क्रीनवर बोट टेकवलं. "मावशी, हे बिघडलंय का?"

"बिघडलेलं नाही," मावशी म्हणाली. "नदीवरची पट्टी नऊ मीटरची. पाणी पट्टीच्या वर गेलं की तिथला माणूस फोनवर म्हणायचा, पट्टी दिसत नाही. मग आम्ही चार नऊ टाकायचो. म्हणजे दिसत नाही."

म्हणजे बघा! ढग, हार्डडिस्क, पेन ड्राइव्ह, पक्षी, बुरशी, पंपघर, आमचा ओव्हन, अठरा वर्षांचा अबोला, हे सगळं पार करून आपण पोचलो कुठे, तर दिसत नाही! जो आकडा सगळे म्हणत होते आत आहे, तो आत कधी गेलेलाच नव्हता. मी डोक्याला हात लावला. काकू चहा टाकायला गेल्या. पण इंजिनियर उठली नाही. तिने कागद ओढला, बुडण्याआधीचे तास मांडले, प्रत्येक तासाला पाणी किती चढत होतं ते, मग अकरा तासांनंतर पट्टी पुन्हा दिसायला लागली तिथपासूनचा उतार मांडला, चढ आणि उतार वरती वाकवून एकमेकांना जोडले, आणि त्यांच्या माथ्यावर पेन्सिल टेकवली. अकरा मीटर चाळीस, जवळपास. जुना पूल होता आठ वीसवर. शिंप्याचंच खरं होतं हो, पाटीपर्यंत. न्हाव्याचं दुकान तेव्हा बंद होतं म्हणे, तो गावालाच गेलेला.

ती फीत त्यानंतर एकदाच वाचली गेली, तीही अर्धी. मग भुकटी गळून नुसतं पारदर्शक प्लॅस्टिक उरलं. मावशीने ते हातात धरून उजेडाकडे करून बघितलं आणि डब्यात परत ठेवलं. इंजिनियरने आकडे चार ठिकाणी उतरवले, आणि शुक्रवारी आराखडा गेला. साहेबांनी कुरकुर केली, एवढा उंच कशाला, लेखी आहे का? होतं ना. मावशीच्या आणि हेडमास्तरांच्या सहीसकट होतं.

पूल झाला बांधून. त्याला आता दोन वर्षं झाली, पूर काही आला नाही. म्हणजे आला असता तर लोकांना कळलं असतं, पण आलाच नाही, तर काय कळणार? लोकांना कळतो तो फक्त चढ. उभा चढ आहे हो! सायकलवाले उतरून ढकलतात, म्हातारी माणसं मध्येच थांबतात, ज्याला विचारावं तो पूल बांधणाऱ्याच्या नावाने बोटं मोडतो. मावशी आणि हेडमास्तर आता रविवारी नदीपलीकडे काकूंच्या बहिणीकडे पत्ते खेळायला जातात, त्या चढावरून, दोघंही कठड्याला धरून धरून. परवा मी मागून येत होतो. दोघं मध्यावर धापा टाकत उभे. शेजारून फळांची गाडी ढकलणारा एक माणूस थांबला, घाम पुसला आणि वैतागून मावशीला म्हणाला, "कुणाच्या डोक्यातून आला हो एवढा उंच पूल?"

मावशीने हेडमास्तरांकडे बघितलं, हेडमास्तरांनी कानाचं यंत्र बंद केलं.

"काय माहीत बाबा," मावशी म्हणाली, "आम्हालाही चढावाच लागतो."